अठरा वर्षांखालच्या गुन्ह्याची नोंद कशी पुसली जाते

नागपूरमध्ये पोलीस भरतीचा किंवा नोकरीचा फॉर्म भरताना अनेक मुलं जुन्या केसला घाबरून अर्जच करत नाहीत. तसं करू नका.

आधी वय बघा. गुन्हा घडला त्या दिवशी १८ पूर्ण नव्हते, तर बाल न्याय अधिनियम २०१५ लागू होतो. निकाल कधी लागला याला महत्त्व नाही. पुरावा म्हणून शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र चालतं. ते नसेल तरच महानगरपालिकेचा जन्मदाखला.

कलम २४ नुसार अशा दोषसिद्धीमुळे अपात्रता येत नाही. अपवाद एकच: वय १६ किंवा त्याहून जास्त, गुन्हा निर्घृण (कायद्यात किमान ७ वर्षं शिक्षा असलेला) आणि बाल न्यायालयाने प्रौढाप्रमाणे खटला चालवून दोषी ठरवलेलं. बाकी केसमध्ये केंद्राच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा ७ वर्षं कागद जपायचे, मग नष्ट करायचे.

गाडं अडतं ते पोलीस ठाण्यात, कारण नोंद कुणी काढलेलीच नसते. म्हणून बाल न्याय मंडळाकडे (अठरा वर्षांखालच्या मुलांच्या केस ऐकणारं मंडळ) साधा अर्ज द्या. केस क्रमांक, ठाण्याचं नाव, निकालाची प्रत जोडा आणि नोंद नष्ट करण्याचा आदेश मागा. आदेशाची प्रत ठाण्यात देऊन पोच घ्याच. चारित्र्य पडताळणीत निकाली केस उघड करायला कलम ७४ पोलिसांना मनाई करतं. तरी शेरा आलाच, तर पोलीस आयुक्तालयात या कलमाचा उल्लेख करून लेखी हरकत घ्या.

अठरानंतरच्या किरकोळ गुन्ह्याची नोंद मात्र आपोआप पुसली जात नाही.