घरगुती पवनचक्कीचा सामायिक आराखडा: या चुका टाळा

दहा जणांनी मिळून घरी बनवायच्या पवनचक्कीचा एकच आराखडा ठरवायचा म्हटलं, की वाद पात्यांवरून रंगतो. बिघाड मात्र निघतो शेपटीत, नाहीतर तारेत.

पाया तयार आहे. स्कॉटलंडमधल्या स्कोरेगला गाडीरस्ता जात नाही, ग्रिडची वीजही नाही. तिथल्या ह्यू पिगट यांचा नमुना आज अनेक देशांत बनतो, तामिळनाडूतल्या ऑरोव्हिलमध्येही बनला आहे. हाताने तासलेली तीन लाकडी पाती, चुंबकांच्या दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये रेझिनमध्ये ओतलेल्या कॉइल, म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी; वीज तयार होते ती यांतच.

‘एवढंसं बदललं तर काय बिघडतंय?’
वारा फार वाढला की चक्की तोंड बाजूला वळवते आणि शेपूट तिरक्या बिजागरीवर वर चढत दुमडते. हे कधी घडायचं ते शेपटीच्या वजनावर ठरतं. दुकानात ९ मिमीचा प्लाय नव्हता म्हणून कुणी १२ मिमीचा लावतो. शेपूट जड होते, दुमडायला उशीर होतो, तोवर कॉइल जळतात. उलट शेपूट हलकी झाली, तर चांगल्या वाऱ्यातही चक्की तोंड फिरवते आणि ‘वीज कमी येते’ ही तक्रार सुरू. म्हणून आराखड्यात शेपटीची नुसती लांबी-रुंदी नको, वजनही हवं.

गेजचा घोळ
गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक. आपला रिवाइंडिंगवाला ज्याला १६ गेज म्हणतो ती तार ब्रिटिश मापाने १.६३ मिमी. अमेरिकन मापाची १६ गेज १.२९ मिमी. अमेरिकन आकडा बघून इथे तार आणली, तर साच्यात वेढे मावत नाहीत. मग वेढे कमी करायचा मोह होतो, आणि चक्की नेमक्या मंद वाऱ्यात चार्जिंग करेनाशी होते. तार मिलिमीटरमध्येच लिहा. वेढ्यांच्या आकड्याशेजारी बॅटरीचं व्होल्टेजही लिहा. १२ व्होल्टपेक्षा ४८ व्होल्टला वेढे साधारण चौपट लागतात.

चुंबक उत्तर-दक्षिण आलटून-पालटून बसलेत ना, हे रेझिन ओतण्याआधी हातातल्या चुंबकाने तपासा.

किलोवॅटची फुशारकी
‘माझी १ किलोवॅटची’ याला काही अर्थ नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. २.४ मीटर व्यासाच्या चक्कीसमोर ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्यात सुमारे ३५० वॅटच असतात, आणि बेट्झच्या नियमाने त्यातले ५९.३ टक्क्यांहून जास्त कुणालाच काढता येत नाहीत. तुलना करायचीच तर व्यास, वाऱ्याचा सरासरी वेग आणि महिन्याचे युनिट सांगा.

चक्की जड फिरते?
आधी ब्रेकचा स्विच बघा, म्हणजे कॉइलमधून येणाऱ्या तिन्ही तारा एकमेकींना जोडून चक्की थांबवणारा स्विच. ब्रेक लागलेला नसेल तर मंद वाऱ्यात तिन्ही तारा रेक्टिफायरपासून (एसीची डीसी वीज करणाऱ्या डायोडांच्या संचापासून) सोडवा. पाती मोकळी फिरू लागली, तर रेक्टिफायरमधला डायोड शॉर्ट आहे. तरी जडच, तर केबल किंवा कॉइल शॉर्ट आहे. गुरगुर आणि थरथर असेल तर तिन्हींपैकी एक तार निसटली असण्याची शक्यता मोठी. तारा सोडून मात्र जेवायला जाऊ नका. वारा उठला की बिनलोडाची चक्की मोकाट सुटते.