ब्लेंडरमधून माल उतरवताना

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही शेडमध्ये विचारा, ब्लेंडरमध्ये कोरड्या मालाचं मिश्रण जमत नसेल तर सल्ला ठरलेला: ‘अजून दहा मिनिटं फिरवा.’ तो ऐकू नका. न चिकटणारे, सहज घरंगळणारे दाणे डबल कोन किंवा व्ही ब्लेंडरमध्ये (जोडलेल्या दोन शंकूंच्या किंवा V आकाराच्या, गोल फिरणाऱ्या बंद भांड्यात) बहुधा १०-१५ मिनिटांत मिसळतात. दाणे लहानमोठे असतील, तर त्यापुढे कितीही फिरवा, बारीक माल मोठ्यांच्या फटींतून खाली झिरपतच राहणार.

भांडं ५० ते ६० टक्केच भरा, नाहीतर दाण्यांना उलथायला जागा उरत नाही. घटक एकावर एक आडव्या थरांत ओता. एक डावीकडे, दुसरा उजवीकडे पडला तर मधली रेषा ओलांडायला त्यांना फार वेळ लागतो. झाकण घट्ट, भोवतीची सुरक्षा जाळी बंद, मग चालू करा.

आता उतरवणं. मला सर्वांत जास्त छळलं ते यानेच, आणि याबद्दल कोणी धड बोलत नाही. माल उंचावरून ड्रममध्ये पडला की त्याचा टोकदार ढीग होतो. मोठे दाणे उतारावरून कडेला पळतात, बारीक मधेच बसतात. आत उत्तम मिसळलेला माल अशा रीतीने बाहेर येता येता पुन्हा वेगळा होतो, आणि शिव्या खातो ब्लेंडर. लोक नवीन यंत्राचं कोटेशनसुद्धा मागवतात!

त्यापेक्षा ड्रम ब्लेंडरच्या खालच्या, माल सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या शक्य तितका जवळ आणा आणि मधे कापडी स्लीव्ह (नळीसारखी बाही) लावा, म्हणजे पडण्याची उंची कमी होते. ड्रम भरल्यावर ‘माल बसावा’ म्हणून तो ठोकायची सवय मात्र सक्तीने मोडा. हादऱ्याने बारीक माल तळाशी जातो. खडबडीत फरशीवरून हातगाडी खडखडत नेली तरी तेच.

नमुना ड्रमच्या वरच्या थरातून मूठभर उचलू नका, त्यातून काहीच कळत नाही. थोडा माल ब्लेंडरच्या आत वेगवेगळ्या जागांहून घ्या, थोडा उतरताना सुरुवातीला, मधे आणि शेवटी, पडत्या धारेच्या पूर्ण रुंदीतून. आतले नमुने जुळतात आणि धारेतले जुळत नाहीत? मग ब्लेंडरला हात लावू नका, दोष उतरवण्यात आहे. आतलेच जुळत नसतील तर आधी भरण्याची पद्धत तपासा, वेळ नंतर.

साफसफाईला आत हात घालण्यापूर्वी मेन स्विच बंद करून कुलूप लावा. किल्ली सफाई करणाऱ्याच्याच खिशात.