आयरिश पऱ्या, दोन काळ आणि एक लव्हस्टोरी: अशी कादंबरी लिहिताय तर या चुका टाळा

साचा सगळ्यांना माहितीये. आजची बाई, नवरा किंवा मूल गमावलेलं, आयर्लंडमधल्या कुठल्यातरी पडक्या घरात राहायला येते, माळ्यावर डायरी सापडते, डायरीत शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची दुसरी बाई, मधेमधे पऱ्या, आणि शेवटी गावातला दाढीवाला सुतार. मी या साच्याला नावं ठेवणार नाहीये, मला अशा कादंबऱ्या जाम आवडतात. पण त्या फसतात ती ठिकाणं ठरलेली असतात, म्हणून हे लिहितेय.

पऱ्या गोड करून टाकणं

ही सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या अर्ध्या चुका हिच्यातूनच निघतात. बोटभर उंचीची, पंखवाली, चमचमणारी परी ही इंग्लंडमधल्या व्हिक्टोरियन चित्रांची देणगी. आयरिश खेड्यातली परी माणसाएवढी, टेकाडाच्या पोटात राहणारी, हर्लिंग हा काठी-चेंडूचा खेळ खेळणारी, आणि माणसं पळवणारी. म्हातारी मंडळी नाव न घेता त्यांना ‘चांगली माणसं’ म्हणायची ते प्रेमाने नाही, घाबरून. कोणाला पळवायच्या? तान्ही बाळं, बाळंतिणी, नुकतं लग्न झालेल्या पोरी. म्हणजे त्या काळी जे अचानक मरायचे नेमके तेच. बाळ खंगत गेलं की ते आजारी नाही, त्यांनी आपलं नेलं आणि हे बदलीचं ठेवलं. पोरगी बाळंतपणात गेली तर ती मेली नाही, टेकाडात आहे. दुःखाशी जोडायला वेगळा धागा शोधायची गरजच नाही, तो तिथे आधीपासून आहे.

पण याच समजुतीची दुसरी बाजू लिहायला लोक कचरतात. टिपररी काउंटीत मार्च १८९५ मध्ये ब्रिजेट क्लिअरी नावाच्या तरुण बाईला तिच्या नवऱ्याने जाळलं. ती कपडे आणि टोप्या शिवून स्वतः कमवायची, घरात सिंगरचं शिलाई मशीन होतं. थोडे दिवस आजारी पडली आणि नवऱ्याच्या डोक्यात बसलं की ही आपली बायको नाहीच, बदली आहे. घरचे लोक, शेजारीपाजारी तिला धरून कडू काढे पाजताना तिथेच होते. ती मेल्यावर हा माणूस जवळच्या परीच्या गढीवर, म्हणजे पऱ्या राहतात असं मानलेल्या जागी, रात्री जाऊन बसला, की खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून बाहेर येईल. त्याला सदोष मनुष्यवधासाठी वीस वर्षांची शिक्षा झाली, पंधरा भोगली. ‘त्यांनी नेलं’ या एकाच वाक्याने एखाद्या आईला धीर मिळायचा आणि त्याच वाक्याने ब्रिजेट गेली, तुमच्या जुन्या काळात फक्त धीर असेल तर कथा अर्धीच आहे.

चेक सोपा आहे, ड्राफ्टमधल्या पऱ्या काढून तिथे भुतं टाका, आणि काहीच बिघडलं नाही तर पऱ्या कथेत आल्याच नव्हत्या.

जागा पोस्टकार्डवरची

धुकं, कडे, किल्ल्याचे अवशेष, दगडांचं रिंगण. खरी जागा मात्र अगदी साधी दिसते. परीची गढी म्हणजे शेतातला मातीचा गोल बांध, त्यावर काटेरी हॉथॉर्न, आत गवत. या बहुतेक साधारण इ.स. ५०० ते १००० मधल्या शेतकऱ्यांच्या वस्त्या, आणि अशा हजारो अजून टिकून आहेत कारण बरेच लोक तिथे नांगर घालायला धजत नाहीत, आपल्याकडे देवराईतली फांदी कोणी तोडत नाही तसंच. आणि बाप्तिस्मा व्हायच्या आत गेलेल्या बाळांना चर्चच्या पवित्र जमिनीत जागा नव्हती, त्यामुळे बाप किंवा काका अंधार पडल्यावर छोटी पेटी घेऊन निघायचा आणि अशाच एखाद्या जुन्या जागी पुरून यायचा, वर एक साधा दगड, नाव नाही. अशा जागांना किलीन म्हणतात, विसाव्या शतकातही हे चालू होतं. तुमच्या नायिकेचं मूल गेलेलं असेल तर दोन काळ जोडायला चमकणारं दार कशाला हवंय?

आजच्या काळातलं गाव लिहिताना अजून एक गोष्ट, सगळे भाबडे करू नका आणि सगळे टिंगल करणारेही नकोत. १९९९ मध्ये क्लेअर काउंटीत लॅटूनला नव्या हायवेच्या वाटेत परीचं झुडूप आलं, कथाकार एडी लेनिहान यांनी आवाज उठवला आणि झुडूप राहू दिलं गेलं. ‘मी नाही मानत, पण तोडणारही नाही’ असं म्हणणारा माणूस हवा.

डायरी आणि जनगणना

१८४१ मध्ये आयर्लंडात पाच वर्षांवरच्या निम्म्याहून जास्त लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे गरीब कुळाच्या बायकोची तीनशे पानी सुंदर डायरी बघितली की माझा मूड जातो. आणि नायिका डब्लिनला जाऊन एका क्लिकमध्ये १८४५ च्या मोठ्या दुष्काळाआधीच्या जनगणनेत पणजीची आजी शोधते, तेही जमणार नाही. १९२२ च्या आयरिश यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं सरकारी दप्तर जळालं, त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे जवळजवळ सगळे कागद गेले, पुढच्या चार जनगणनांचे कागद सरकारनेच नष्ट केले. १९२२ आधीच्यांपैकी पूर्ण मिळतात त्या १९०१ आणि १९११ च्या, ऑनलाइन, फुकट. त्याआधीसाठी ग्रिफिथचं मूल्यांकन, म्हणजे करासाठी केलेली जमीन-घरांची यादी, १८४७ ते १८६४, पण त्यात जमीन ज्याच्याकडे तेवढंच नाव, म्हणजे बायको शोधून सापडणार नाही आणि विधवा झाली की यादीत येईल. यावर अख्खा चॅप्टर निघतो खरं तर.

डायरीऐवजी १९३७ ते ३९ चा शाळांचा संग्रह वापरा. तेव्हा हजारो शाळांतल्या पोरांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं वहीत उतरवलं, ती पानं पोरांच्या अक्षरात स्कॅन करून ठेवलीयेत. पोराने अर्धवट ऐकलेली गोष्ट हे फार भारी साधन आहे, कारण आजची नायिका तिचा चुकीचा अर्थ लावू शकते आणि जुन्या काळातले चॅप्टर वाचकाला खरं सांगू शकतात. नाहीतर तीच माहिती दोनदा येते आणि वाचक एक काळ सरळ स्किप करतो.

बॅन्शीला खलनायिका करणं

बॅन्शी म्हणजे घरात कोणी मरणार असलं की रडणारी परीलोकातली बाई. ती मारत नाही, फक्त आधी रडते, तेही ठरावीक जुन्या घराण्यांसाठी.

सुताराने सगळं बरं करणं

प्रेम झालं आणि दुःख संपलं, असा शेवट लोककथेलाच मान्य नाही. एक कथा वेगवेगळ्या रूपांत मिळते: मेलेली बायको रात्री येऊन नवऱ्याला सांगते की मी मेले नाही, अमुक रात्री पऱ्यांची वरात या वाटेने जाईल, मला घोड्यावरून खाली ओढ आणि सोडू नको. तो कबूल होतो. पण एकतर तो ऐन वेळी घाबरतो, नाहीतर त्याने दुसरं लग्न केलेलं असतं आणि घरचे त्याला दार उघडू देत नाहीत. सकाळी उंबऱ्यावर रक्त दिसतं.

तुमचा सुतार विधुर असू दे, आणि ही गोष्ट त्यानेच नायिकेला सांगू दे, तिने त्याच्या घरात राहायला यायच्या आदल्या रात्री.