बिअरचा फेस लगेच बसतो? ग्लास धुताना या चुका टाळा

बाटली थंडगार असते, तारीख ताजी असते, ओततानाही काही गडबड झालेली नसते. तरी फेस मिनिटभरात विरतो आणि समोर शिळ्या सरबतासारखं काहीतरी उरतं. मग ‘हल्ली माल पूर्वीसारखा येत नाही’ म्हणत लोक ब्रँड बदलतात. ब्रँड बदलण्याआधी ग्लास उजेडात धरून बघा. दहातल्या आठ घरांत तरी दुखणं तिथेच सापडेल, असं माझं मत आहे.

आधी फेसाचं बघू. बिअरमधला कार्बन डायऑक्साइड वर येतो, तेव्हा बार्लीतली प्रथिनं आणि हॉप्स या वेलीच्या फुलांमधली कडू द्रव्यं मिळून प्रत्येक बुडबुड्याभोवती एक पातळ पापुद्रा धरतात. त्या पापुद्र्यामुळे फेस टिकतो. स्निग्ध पदार्थाचा कण लागला की हा पापुद्रा फाटतो, बुडबुडे फुटतात, फेस खाली बसतो. तेल, तूप, दुधाची साय, लिप बाम यांपैकी काहीही पुरतं, आणि तेही अगदी थोडं. गंमत अशी की ते तेल काढायला वापरलेला साबण ग्लासात राहिला, तर तोही हेच करतो.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. ज्या घासणीने फोडणीची कढई घासली, तीच घासणी ग्लासात फिरते. भांड्यांच्या साबणाची वडी भिजवून ठेवलेल्या वाटीतल्या पाण्यावर तेलाचा तवंग तरंगत असतो, घासणी त्यातच बुडते. दिसायला ग्लास चकचकीत निघतो, पण बोट फिरवलं की ओशट लागतो. सगळ्यात मोठी चूक हीच आहे आणि बाकीच्या त्यामानाने किरकोळ. बिअरच्या ग्लासांना वेगळी मऊ घासणी ठेवा, वेगळ्या रंगाची घ्या आणि ओट्यावर न ठेवता वेगळ्या खुंटीला टांगा. भांडी घासायला मावशी येत असतील तर हे ग्लास सिंकमध्ये टाकूच नका. स्वतः धुवायला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि ढिगाऱ्यात कुकरच्या झाकणाखाली सापडून टवका उडण्याचाही प्रश्न मिटतो.

धुवायचे कसे? कोमट पाणी, बिनवासाच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, उंच ग्लास असेल तर बाटलीचा ब्रश. कडेला बाहेरूनही घासा, कारण ओठ तिथेच लागतात. मग तीन पाण्यांनी खळखळून विसळा. साबणाचा वास जात नसेल तर लिक्विडऐवजी चमचाभर खायचा सोडा ओल्या घासणीवर घेऊन हलक्या हाताने फिरवा. जुना ओशटपणा निघत नसेल तर धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून ग्लास त्यात थोडा वेळ बुडवून ठेवायचा, मात्र हातात मोजे घाला. तारेची घासणी, काथ्या, राख किंवा खरखरीत पावडर काचेला लावू नका. बारीक चरे पडतात, त्यांत मळ बसतो आणि तो पुन्हा पूर्णपणे निघत नाही. काही ग्लासांच्या तळाशी मात्र कंपनीनेच मुद्दाम खडबडीत ठिपक्यांची नक्षी कोरलेली असते. तिथून बुडबुड्यांची धार सतत वर येत राहते आणि फेस भरत राहतो. ती घाण समजून घासत बसू नका.

ग्लास खरंच स्वच्छ झाला का, हे बघायच्या तीन खुणा आहेत. थंड पाण्याने भरून ओता: पाण्याचा सलग पातळ थर आतून पसरला तर ठीक, थेंब थेंब होऊन ओघळलं तर ओशटपणा आहे. दुसरी, ग्लास आतून ओला करून चिमटीने बारीक मीठ भुरभुरा: स्वच्छ जागी मीठ सारखं चिकटतं, तेलकट जागी मोकळी चकती राहते. (मीठ नंतर नीट धुवून काढा.) तिसरी खूण बिअर ओतल्यावरच कळते. फेसाच्या खालच्या भागात काचेला आतून बुडबुडे चिकटून बसलेले दिसले, तर त्या जागी मळ, धागा किंवा क्षार आहे. कधी कधी हे बुडबुडे गोळा होऊन अंगठ्याच्या ठशाएवढा डाग दिसतो, आणि बारकाईने पाहिलं तर तो खरंच अंगठ्याचाच ठसा असतो: कुणीतरी ग्लास आत बोट घालून उचललेला असतो. स्वच्छ ग्लासात बुडबुडे सरळ वर जातात आणि प्रत्येक घोटानंतर फेसाचं एक कडं काचेवर मागे राहतं. ती कडी मोजून किती घोटांत ग्लास संपला ते सांगता येतं.

पुसणं आणि ठेवणं

धुतलेला ग्लास जुन्या धोतराच्या किंवा बनियनच्या फडक्याने पुसणं ही आपली सवय. फडक्याचे तंतू काचेला चिकटतात, आणि फडकं स्वयंपाकघरातलं असेल तर सोबत तेलही येतं. कपडे मऊ करायचं लिक्विड वापरून धुतलेला टॉवेल त्याहून वाईट. ग्लास जाळीच्या रॅकवर उपडा ठेवा, खालून वारा लागला पाहिजे, आपोआप वाळू द्या. पंचावर किंवा रबरी मॅटवर उपडा घातलात तर आत वाफ कोंडते आणि पावसाळ्यात तर कुबट वास हमखास येतो.

वाळल्यावर मात्र कपाटात सुलटा ठेवा. उपडा ठेवला की आतली हवा कोंडते, फळीचा वास ग्लासात उतरतो आणि सगळं वजन सगळ्यात नाजूक भागावर, म्हणजे कडेवर येतं. कोणत्या कपाटात, हेही महत्त्वाचं. गॅसजवळच्या उघड्या फळीवर ठेवलेल्या काचेवर फोडणीच्या वाफेचा चिकट थर चढतो. महिनाभर न वापरलेला ग्लास हातात घेतला की तो कळतो. झुरळांसाठी डांबरगोळ्या टाकलेल्या शोकेसमध्ये ठेवलात तर बिअरला त्यांचाच वास येणार. आणि माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले ग्लास काढले असतील, तर पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशीच धुवा, ऐनवेळी नुसतं पाणी मारून भागत नाही.

एकात एक घालून ठेवलेले ग्लास अडकले तर ओढाताण करू नका. आतल्या ग्लासात थंड पाणी घाला, बाहेरचा कोमट पाण्यात धरा. आतला आकुंचन पावतो, बाहेरचा किंचित फुगतो, मग हळूच फिरवून सोडवा. उकळतं पाणी नको. साधी काच अचानक तापली की तडकते, आणि जाड बुडाचे बिअर-मग तर पातळ ग्लासांपेक्षा लवकर तडकतात, कारण आतली बाजू प्रसरण पावते तेव्हा बाहेरची अजून थंडच असते. फ्रिजमधून काढलेला ग्लास लगेच गरम पाण्याखाली धरू नका तो याचसाठी.

पांढरे डाग: क्षार की कायमचे?

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांतली ही तक्रार आहे. पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार वाळून काचेवर धुरकट थर बसतो. घासून तो निघत नाही, आंबटाने निघतो. पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी समप्रमाणात घेऊन ग्लास भरा, वीसेक मिनिटं ठेवा. व्हिनेगरचा वास नको असेल तर ढोकळ्यासाठी आणतो ते लिंबू सत्त्व, लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर. नंतर नेहमीसारखं धुवा. बाथरूमच्या टाइल्सचं ॲसिड आणि ब्लीच या ग्लासांच्या आसपासही नकोत, दोन्ही एकत्र झाली तर विषारी क्लोरीन वायू निघतो. शेवटचं विसळणं आरओच्या पाण्याने केलं तर थर पुन्हा लवकर चढत नाही.

आंबट लावूनही धुरकटपणा गेला नाही, तर तो क्षार नाही, काचच झिजली आहे. डिशवॉशरच्या गरम फेऱ्यांत, विशेषतः मऊ म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यात, हे वर्षानुवर्षं होत जातं आणि त्यावर उपाय नाही. सोनेरी कडा किंवा छापील लोगो असलेला ग्लास डिशवॉशरमध्ये घालू नका, छाप महिन्या-दोन महिन्यांत फिकट व्हायला लागते.

फ्रीझरमधला ग्लास

उन्हाळ्यात ग्लास फ्रीझरमध्ये ठेवून पांढरा धूर निघेल इतका गार करायची फॅशन आहे. आवडत असेल तर आवड तुमची. पण काचेवर जमलेल्या हिमकणांवर बिअर पडली की वायू एकदम सुटतो आणि निम्मा ग्लास फेसानेच भरतो; बर्फ वितळून बिअर पातळ होते; आणि शेजारी सुरमई ठेवली असेल तर ते वेगळंच. शिवाय इतक्या गारठ्यात चव लागतच नाही. साध्या लागरमध्ये, म्हणजे नेहमीच्या हलक्या बिअरमध्ये, त्याचं फार काही बिघडत नाही, पण पुण्या-मुंबईतल्या ब्रूअरीतून भरून आणलेली गव्हाची बिअर अशा ग्लासात ओतणं म्हणजे पैसे वाया. ओतण्याच्या जरा आधी ग्लास थंड पाण्याने विसळा आणि पाणी झटका, पुसू नका. ओल्या काचेवरून बिअर सरकत खाली जाते, फेस बेताचा येतो आणि साबणाचा राहिलासाहिला अंशही निघतो. बेल्जियममधल्या बारमध्येही बिअर ओतण्याआधी ग्लास असाच विसळतात.

फेस मुळात आलाच नाही, तर ओतण्यातही चूक असू शकते. ग्लास शेवटपर्यंत तिरका धरून भिंतीवरून हळूहळू ओतलं की वायू बिअरमध्येच राहतो. निम्म्याच्या पुढे ग्लास सरळ करा आणि धार मधोमध सोडा.

ग्लास मिठाच्या परीक्षेत पास झाला, पहिल्या घोटाला फेस होता आणि तिसऱ्या घोटाला गेला, तर ग्लासाला दोष देऊ नका. भजी, तळलेले बोंबील, मसाला शेंगदाणे यांचं तेल ओठांवरून, मिशांवरून थेट फेसात उतरतं. टिश्यूने ओठ टिपले तर थोडा फरक पडतो. फेस बघायचाच असेल तर पहिला अर्धा ग्लास चाखण्याला हात लावण्याआधी प्या, नाहीतर फुटाणे घ्या.