कोकणात पोट सांभाळून चंगळ कशी करावी

कोकणात चार दिवस राहून आलेल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात: वजन वाढलं आणि पोट बिघडलं. बोल लागतो कोकणी जेवणाला. खरं तर तो पाहुण्यांसाठी मांडलेल्या ताटाला लागायला हवा. कोकणातलं कुठलंही घर दोन्ही वेळेला सुरमई फ्राय आणि कोंबडी-वडे खात नाही. तिथे सकाळी पेज असते, रात्री कुळथाची पिठी आणि भात. तेव्हा तुम्हीही घरात जे शिजतं ते मागा. चवीत काही कमी पडत नाही, उलट वाढतंच.

पायरी १: वाटेवरचं आधीच ठरवा

रिकाम्या पोटी घाट उतरू नये, आणि तेलकट खाऊन तर नाहीच. वरंध किंवा कुंभार्लीच्या वळणांत याचा हिशेब लगेच चुकता होतो. घरून दशम्या, काकडी, केळी, भाजलेले शेंगदाणे घ्या. मुंबई-गोवा महामार्गावर वडापाव खायचाच असेल तर एक खा. प्रत्येक थांब्यावर नको. मांडवी एक्स्प्रेसने जाणार असाल तर डब्यात सारखं काहीतरी फिरत असतं, त्यातलं काय घ्यायचं ते मनाशी ठरवूनच बसा.

पायरी २: जेवण सकाळीच सांगा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. घरगुती खानावळीत किंवा होमस्टेत जेवण सांगितल्यावर बनतं. दुपारी एक वाजता भुकेने कावून पोहोचलात तर जे झटपट तळता येतं तेच पुढ्यात येणार. सकाळी चहाच्या वेळी सरळ स्वयंपाकघरात डोकवा आणि विचारा, "काकी, तुमच्या घरी आज काय?"

मालवणकडे उत्तर साधारण असं येतं: "आमचां काय, पेडव्यांचां तिखलां नि भात. तुमकां चलात?"

चलात म्हणा. तिखल्यात मासळीला मसाला, हळद, कोकमं, ठेचलेली तिरफळं आणि जेमतेम पाणी. तेल थोडं, खोबरं नाही किंवा नावाला. झाकण काढलं की तिरफळाचा वास आधी नाकात जातो. (तिरफळ चावायचं नसतं, ताटाच्या कडेला काढून ठेवायचं.) तोच मासा रव्यात घोळवून तळला की तेल पितो, आणि मसाल्याखाली मासा ताजा होता की शिळा तेही कळत नाही. पापलेट-सुरमईच्या मागे न लागता बांगडा, तारली, पेडवे घेतलेत तर पैसे वाचतात आणि ओमेगा-३ही भरपूर मिळतं.

तळलेलं वर्ज्य नाही. चौघांत एक तुकडी फ्राय मागवा आणि वाटून खा.

शाकाहारी असाल तर ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, वालाचं बिरडं हे हंगामाप्रमाणे विचारा. मेनूकार्डावर पनीर दिसेल. कोकणात येऊन पनीर कशाला खायचं, हे मला आजवर समजलेलं नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सुरमई हमखास बर्फातली. त्या दिवसांत टाकळा, कुर्डू, फोडशी या रानभाज्या आणि नाचणीची भाकरी मागा.

पायरी ३: वड्यांचा दिवस वेगळा काढा

कोंबडी-वडे खायचेच. पण तो सणाचा, पाहुणचाराचा पदार्थ, रोजचा नव्हे. एक दुपार त्यांना द्या, मग किल्ला बघा, किनाऱ्यावर चालून या आणि रात्री पेज किंवा पिठी-भात सांगा. मोदकांचंही तसंच. उकडीचे मिळत असताना तळलेले घेऊ नका, आणि मोदक असतील त्या दिवशी भात कमी वाढून घ्या. आंब्याच्या दिवसांत मधुमेह असलेल्यांनी आमरस, भात आणि मोदक एकाच ताटात घेऊ नयेत. जेवणानंतर दोन-तीन तासांनी हापूसच्या दोन फोडी जास्त सुखाच्या. होमस्टेतलं दुपारचं जेवण कधीकधी तीनवर जातं, म्हणून गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी पिशवीत फुटाणे ठेवावेत आणि जेवणाची वेळ आधीच पक्की करून घ्यावी.

पायरी ४: घाम जातो, पाणी प्या

दमट हवेत तहान कळायच्या आत अंग गळतं. सकाळी शहाळं, दिवसभर उकळलेलं किंवा बाटलीबंद पाणी. सोलकढी जेवणासोबत वाटीभर पुरे. त्यात नारळाचं दूध असतं, तेव्हा तिसरी वाटी मागताना तेवढं लक्षात ठेवा. रक्तदाब असेल तर लोणचं, सुकट आणि सुके बांगडे यांतलं मीठ मोजा.

पायरी ५: मासळी बघून घ्या

हर्णैसारख्या बंदरावर लिलाव बघायला गेलात तर मासळी विकत घेण्याचा मोह होतोच. कल्ले लाल, डोळे चकचकीत, बोटाने दाबलं की मांस परत वर येतं, एवढं पाहा. तिसऱ्या (शिंपल्यांतली मासळी) घेतल्यात तर शिजल्यावर ज्यांची शिंपली उघडली नाही त्या खाऊ नका. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असेल तर काकींना आधीच सांगा, कारण एकाच कढईत सगळं होतं.

पायरी ६: बाजारातून न्यायचं असेल तर

खाजा, आंबापोळी घ्या, थोडी घ्या. पिशवीत जास्त जागा कुळथाच्या पिठाला आणि नाचणीला द्या. कोकमाची बाटली घेताना मात्र लेबल वाचा: कोकम सरबताच्या पाकात साखर मुबलक असते, आगळात, म्हणजे कोकमाच्या दाट आंबट रसात, मीठ असतं. सोलकढीला आगळ लागतो. तोच थंड पाण्यात जिरेपूड घालून प्यायलात तरी चालतो, वरून मीठ घालू नका.