जर्मनीत मास्टर्स करायचे ठरवण्याआधी क्रेडिटचे कोष्टक मांडा

जर्मनीचे नाव निघाले की घरात पहिली चर्चा पैशांची होते आणि ती व्हायलाच हवी. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही हे खरे, परंतु बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १५०० युरो भरावे लागतात. शिवाय ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या बँक खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो आधी जमा करावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो हाती येतात. हा हिशेब बहुतेकांनी केलेला असतो. अर्ज फेटाळले जातात ते मात्र वेगळ्याच कारणाने.

मेकॅनिकलची पदवी आणि चांगले गुण हाती असताना मी डेटा सायन्सच्या अभ्यासक्रमांना अर्ज केले होते. नकाराच्या पत्रांत गुणांचा उल्लेखच नव्हता. संगणकशास्त्राचे क्रेडिट अपुरे आहेत, एवढेच लिहिलेले होते. तिथे पूर्ण वर्षाचा अभ्यास ६० क्रेडिटचा धरतात, आणि एक क्रेडिट म्हणजे वर्गातले व घरचे मिळून २५ ते ३० तासांचे काम. अनेक विभाग गणिताचे इतके, प्रोग्रामिंगचे इतके, अशी विषयवार किमान अट घालतात. ती पुरी होत नसेल, तर एकूण सीजीपीए नऊ असला तरी अर्ज पुढे सरकत नाही. हे नियम प्रवेशाच्या मुख्य पानावर क्वचितच सविस्तर असतात. ते अभ्यासक्रमाच्या नियमावलीत, बऱ्याचदा फक्त जर्मन भाषेत असतात.

म्हणून गुणपत्रिका आणि सविस्तर सिलॅबस शेजारी ठेवून कोष्टक करावे: विषय, त्यातील प्रकरणे, तास, आपले क्रेडिट आणि त्यांच्या अटीतला गट. विषयाच्या नावावर जाऊ नये. न्यूमेरिकल मेथड्स एका ठिकाणी गणितात धरतील, दुसऱ्या ठिकाणी धरणारही नाहीत. आपले क्रेडिट त्यांच्या क्रेडिटमध्ये कसे बदलायचे, हेही त्या विभागालाच विचारावे, अंदाजाने लिहू नये.

समुपदेशन फुकट देणाऱ्या कन्सल्टंटकडे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. त्यांच्यापैकी अनेकांना खासगी संस्थांकडून कमिशन मिळते, त्यामुळे त्यांच्या यादीत भरमसाट फीच्या खासगी संस्थाच वर येतात. त्याच अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या सत्रात असलेला विद्यार्थी अर्ध्या तासात जे सांगतो, ते या मंडळींच्या चकचकीत माहितीपत्रकात नसते.

नकार आला म्हणजे तुमची कुवत कमी आहे, असा अर्थ मुळीच नाही. मेकॅनिकलवाल्यांना मेकॅट्रॉनिक्स, कम्प्युटेशनल मेकॅनिक्स, उत्पादन अभियांत्रिकी असे जवळचे मार्ग आहेत आणि तिथे हेच कोष्टक बरेचदा जुळते. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिन्यांपर्यंत राहता येते. मात्र शिक्षण इंग्रजीतून झाले तरी कित्येक कंपन्यांच्या मुलाखती जर्मनमधून होतात, तेव्हा निघण्याआधी जर्मन भाषेची निदान बी१, म्हणजे मध्यम पातळी गाठावी.

कोष्टकात एखादा गट अपुरा दिसला, तर अर्जाचे शुल्क भरण्याआधी ते कोष्टक जोडून अभ्यासक्रमाच्या समन्वयकांना ई-मेल करावी. ऑक्टोबरच्या सत्रासाठी जायचे असेल तर ही ई-मेल आदल्या डिसेंबरातच पाठवावी, आणि नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसाला सक्तीच्या झालेल्या एपीएस प्रमाणपत्राचा (आपली शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला) अर्जही त्याच सुमारास करून टाकावा.