वाडीत आरोग्य-शिक्षण सुरू करताना

कोकणातल्या एखाद्या वाडीत तरुणांनी आरोग्यासाठी काही करायचे ठरवले की प्रथम बॅनर छापला जातो, मग पाहुणे ठरतात आणि आजाराचा विचार सर्वांत शेवटी होतो. हा क्रम उलटा कसा करावा, हे दक्षिण आफ्रिकेतले एचआयव्ही-कार्यकर्ते झॅकी अख्मत यांच्या वाटचालीतून शिकता येते. वर्णभेदी राजवटीविरुद्धच्या १९७६ च्या विद्यार्थी उठावात ते उतरले तेव्हा अवघे चौदा वर्षांचे होते. पुढे स्वतः एचआयव्हीबाधित असताना १० डिसेंबर १९९८ रोजी त्यांनी साथीदारांसह केपटाउनमध्ये ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ ही चळवळ उभी केली. मोर्चे तिनेही काढले. पण तिचे खरे बळ उपचार-साक्षरतेत होते. विषाणू शरीरात काय करतो, औषध त्याला कसे अडवते आणि गोळी चुकली तर काय होते, हे रुग्णांनी स्वतः शिकायचे आणि मग आपल्याच वस्तीत इतरांना शिकवायचे, अशी ती पद्धत होती.

आपणही एकच आजार निवडावा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पावसाळ्यापुरता तो लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा ताप, असू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तो नीट समजून घ्यावा आणि एका पानावर स्वतःच्या शब्दांत लिहावा. उंदीर आणि गुरे यांच्या मुतातून जंतू शेताच्या पाण्यात येतात व जखमेतून किंवा भेगांतून अंगात शिरतात. ताप, पोटऱ्यांत कळा आणि लाल डोळे ही लक्षणे दिसली की अंगावर न काढता त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. लिहिलेले पान घरातल्या आजीला वाचून दाखवावे. ‘संसर्ग’ हा शब्द आला आणि तिची मान हलेनाशी झाली, तर ते पान पुन्हा लिहावे.

वेळ आणि जागा लोकांच्या सोयीने ठरवावी. मी पहिली सभा भर लावणीत दुपारी तीन वाजता शाळेत ठेवली होती. माणसे आली पाच, त्यांतले दोन आमचेच कार्यकर्ते. दुसऱ्या दिवशी बांधावर गेलो. तरवा (भाताची रोपे) काढून न्याहारीला बसलेल्या एका काकींनी पाय पुढे केला आणि बोटांच्या बेचक्यांतल्या पांढऱ्या पडलेल्या चिखल्या दाखवल्या. जंतू याच वाटेने आत जातो, एवढे सांगताच बाकीच्या बायकांनीही आपापले पाय पाहिले. त्यानंतर गमबूट, घरी आल्यावर साबणाने पाय धुणे आणि प्रतिबंधक गोळ्या यांवर जे बोलणे झाले, ते कोणत्याही तक्त्याने घडवले नसते. मात्र गोळी कोणी, किती आणि केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांनीच सांगावे. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्या बाबतीत तर आपण तोंडही उघडू नये.

क्षयरोग किंवा एचआयव्ही यांसारखा लाजेने झाकला जाणारा विषय घेतल्यास कोणाही रुग्णाकडे बोट जाऊ देऊ नये. अख्मत यांच्या चळवळीत ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असे छापलेले टी-शर्ट बाधित आणि निरोगी असे सगळेच घालत. नेल्सन मंडेला यांनीही तो घातला. त्यामुळे बाधित कोण, हा प्रश्नच गळून पडला.

माहिती पक्की झाल्यावरच मागणी करावी. आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण रोखणारे नेविरापिन हे औषध दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने प्रत्येक प्रांतातल्या दोनच प्रायोगिक केंद्रांपुरते ठेवले होते. चळवळ न्यायालयात गेली आणि ५ जुलै २००२ रोजी संविधान न्यायालयाने तो निर्बंध उठवण्याचा आदेश दिला. आपल्याकडे इतक्या लांब जाण्याची गरज सहसा पडत नाही. १ मेच्या ग्रामसभेत ‘आरोग्य सुधारा’ असे मोघम न म्हणता, प्रतिबंधक गोळ्या चिखलणीपूर्वी उपकेंद्रात केव्हा येणार, असा एकच प्रश्न लेखी द्यावा आणि अर्जाची पोच घ्यावी. आशाताईंना अगोदर विश्वासात घ्यावे, नाहीतर प्रश्न त्यांच्याविरुद्ध आहे असा समज होतो आणि घरोघर जाणारा सर्वांत जाणता माणूस आपण गमावतो.

गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा उत्साहाने नवी समिती काढण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण ते परतल्यावर समितीही मुंबईला जाते. त्याऐवजी त्यांच्याकडून वाडीसाठी गमबुटांचे जोड मागावेत आणि पुढच्या मिरगापर्यंत ते कोणाच्या पडवीत राहतील, हे त्याच बैठकीत ठरवून घ्यावे.